१२३४५६७८९८७६५४३२१ : या एका संख्येवर दीड तासाचा वर्ग घ्यायचाय, काय काय दाखवता येईल?

अंकमित्र
नमस्कार मंडळी. येत्या रविवारी सीताबर्डीच्या वर्गात आठवी ते दहावीच्या मुलांना ही एकच संख्या द्यायची आहे. मोबाईल बंद, कॅल्क्युलेटर बंद, फक्त चौकटीची वही. १११११११११ चा वर्ग म्हणजे ही संख्या, एवढं बहुतेकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. "वा, किती छान" म्हणून ते पान उलटतात. मला पान उलटू द्यायचं नाहीये. हा चढउतार कशामुळे येतो, कुठे मोडतो, आणि या आकड्यांच्या आत कोणते अवयव दडले आहेत, हे तिन्ही मुलांच्या हातून व्हायला हवं. पायऱ्या नेमक्या सांगा, आणि मुलं कुठे घसरतात तेही.

उभी_मांडणी
ताई, सुरुवात साध्या उभ्या गुणाकारानेच करा. नऊ एकांना नऊ एकांनी गुणायचं म्हणजे १११११११११ हीच ओळ नऊ वेळा लिहायची, दरवेळी एक घर डावीकडे सरकवून. नऊ ओळी, सतरा उभे रकाने. उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच १ येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं करत नवव्यात नऊ. तिथून पुढे ओळी उजव्या बाजूने एकेक संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा करत शेवटी पुन्हा एक. कुठल्याच रकान्याची बेरीज ९ च्या वर जात नाही, हातचा घ्यावाच लागत नाही. चढउतार दिसतो तो एवढ्याचमुळे. जे मोजलं तेच जसंच्या तसं उत्तरात उतरलं.

मुलं घसरतात ती सरकवण्यात. पाचव्या-सहाव्या ओळीला एक घर चुकतं आणि मधला ९ गायब होतो. वहीत आधी वरच्या बाजूला १ ते १७ असे रकान्यांना क्रमांक घालून घ्या, आणि प्रत्येक ओळीचा उजवा टोकाचा १ कुठल्या क्रमांकाखाली आला ते तपासत जा. पाचव्या ओळीचा शेवटचा १ उजवीकडून पाचव्या रकान्यात असलाच पाहिजे.

ज्यांचं लवकर होईल त्यांना दुसरी वाट द्या. १११११११११ = १११ × १००१००१. पहिल्याचा वर्ग १२३२१, दुसऱ्याचा १००२००३००२००१. आता १२३२१ ला १, २, ३, २, १ ने गुणायचं आणि तीन-तीन घरं सरकवत मांडायचं: १२३२१, २४६४२, ३६९६३, २४६४२, १२३२१. उजवीकडून तीन-तीन अंक ठेवत चला. १२३२१ मधले ३२१ ठेवले, १२ पुढे. २४६४२ + १२ = २४६५४, ६५४ ठेवले, २४ पुढे. ३६९६३ + २४ = ३६९८७, ९८७ ठेवले, ३६ पुढे. २४६४२ + ३६ = २४६७८, ६७८ ठेवले, २४ पुढे. १२३२१ + २४ = १२३४५. झालं. इथे मात्र हातचे भरपूर आहेत आणि तरी तीच संख्या आली, हे मुलांना आवर्जून दाखवा.

काटोल_रोड
दहा एक घेतले तर काय होते? बऱ्याच पोरांना वाटते की मधात १० येईल.

उभी_मांडणी
भाऊ, मधल्या रकान्यात बेरीज १० च होते, पण एका घरात १० मावत नाही. ० ठेवून १ हातचा. डावीकडच्या रकान्यात ९ होते, त्यात हा १ मिळाला की तिथेही १०, पुन्हा ० आणि १ हातचा. त्याच्या डावीकडे ८ + १ = ९, तिथे हातचा थांबतो. म्हणून ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडच्या चढात ८ दिसत नाही, उजवीकडच्या उतारात तो आहे. सारखेपणा संपला.

पडताळ्याला अंकांची बेरीज वापरा. दहा ओळींत दहा-दहा एक, म्हणजे रकान्यांची एकूण बेरीज १००. प्रत्येक हातच्यामागे दहा जाऊन एक येतो, म्हणजे ९ कमी होतात. हातचे दोन, म्हणून १०० − १८ = ८२. वरच्या उत्तराचे अंक मिळवून बघा, ८२ च येतात. नऊ एकांच्या बाबतीत हातचा शून्य, म्हणून बेरीज पूर्ण ८१. हा ८१ आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागेल.

इतवारी_हिशेब
मोबाईल बंद ठेवताय ते उत्तमच, पण मुलं घरी जाऊन करून बघणारच, तेव्हा यंत्रं काय दाखवतात ते आधी सांगून ठेवा. दुकानातला बारा अंकी कॅल्क्युलेटर हा गुणाकार घेतच नाही, कोपऱ्यात चूक दाखवून थांबतो. दहा अंक दाखवणारा सायंटिफिक १.२३४५६७८९९ × १०^१६ दाखवतो. शेवटचे ९९ बघून मुलं म्हणतात की "पुस्तकातलं चूक आहे". ते नुसतं जवळच्या अंकापर्यंत आणलेलं आहे, खरे अंक ८९८७ असे जातात.

एक्सेल जास्त फसवं. ते पंधरा अंकच धरतं, पुढचे शून्य करतं. घरात पूर्ण संख्या टाकली की १२३४५६७८९८७६५४३०० उरते, आणि चुकीची खूण कुठेही येत नाही. आपली खरी संख्या ८१ ने नि:शेष जाते, ही २१ ने कमी असलेली ८१ ने भागली तर बाकी ६० उरते. म्हणजे विभाज्यतेची सगळी चर्चा तिथेच बिघडली. घराचं स्वरूप आधी टेक्स्ट करून मग टाकली तर अंक शाबूत राहतात, पण मग गणित करता येत नाही.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला विचारलं तर १२३४५६७८९८७६५४३२० येतं. तिथली साधी संख्या २ च्या ५३ व्या घातापर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच प्रत्येक पूर्णांक नेमका धरते. आपली संख्या त्याच्या पुढची, तिथे फक्त सम संख्या बसतात. आपली विषम, म्हणून १ गळतो. पायथॉनमध्ये पूर्णांक म्हणून लिहिली तर सगळे सतरा अंक बरोबर मिळतात. घरी पडताळा घ्यायचाच असेल तर तो तिथे.

लीलावती_वाचक
ही संख्या वाचायची कशी, हे मुलं हमखास विचारतील. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी दिसते, शेवटचे तीन सोडले तर जोड्या छान पडतात. वाचताना "एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस" हे सगळ्यांना कळतं.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत मात्र दशमानाच्या प्रत्येक घराला वेगळं नाव आहे: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य, परार्ध. अठरा नावं. आपल्या संख्येला सतरा घरं, म्हणून ती 'मध्य'पासून सुरू होते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकु... आणि शिखरावरचा ९ अर्बुदाच्या घरात बसतो. रकान्यांच्या क्रमांकाखाली ही नावं लिहून घ्या. ओळ घसरली की "अर्बुदात नऊ नाहीत" एवढं म्हटलं तरी मुलाला आपली चूक सापडते.

बाकी_शून्य
आता अवयव, खरी मजा इथे आहे.

१११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो. भागाकार १२३४५६७९. यात ८ नाही, ते मुलांना स्वतः शोधू द्या. या १२३४५६७९ ला मुलं सरळ मूळ संख्या म्हणून मोकळी होतात, कारण २, ३, ५, ७, ११, १३ कशानेच भाग जात नाही. दम धरून ३७ पर्यंत गेलं पाहिजे. ३७ × ३३३६६७ = १२३४५६७९. थेट वाट हवी असेल तर १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७.

म्हणजे १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७, आणि आपली संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७². विभाजकांची संख्या: प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार, ५ × ३ × ३ = ४५. विषम आली, वर्गसंख्येची ती खूणच. विभाजक जोड्यांनी येतात, फक्त वर्गमूळाची जोडी स्वतःशीच लागते.

जाता जाता ३३३६६७ चा वर्ग हातानेच करायला द्या. १११३३३६६६८८९ येतो. तीन-तीनचे गट पाडून बघा.

काटोल_रोड
पण ३३३६६७ ही मूळ आहे हे पोरांनी काहून मानायचं? वर्गमूळ ५७७ च्या वर जाते, तिथवर १०६ मूळ संख्या आहेत. १०६ भागाकार रविवारी कोण करून राहिलं? आणि "यादीत आहे म्हणून मूळ" असं सांगितलं तर ताईंच्या वर्गाचा मतलबच गेला.

बाकी_शून्य
रास्त प्रश्न. १०६ करायची गरज नाही, १७ पुरतात.

समजा प ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १००१००१ ला भागते आणि ९९९९९९९९९ लाही भागते, कारण ९९९ × १००१००१ = ९९९९९९९९९. म्हणजे १/प चा दशांश अपूर्णांक नऊ घरांनी परत फिरतो. आवर्तनाची नेमकी लांबी ९ ला भागणारी असणार: १, ३ किंवा ९.

लांबी १ किंवा ३ असेल तर प ९९९ ला भागते, म्हणजे १००० ला प ने भागल्यावर बाकी १. मग १००१००१ = १००० × १००० + १००० + १ ची बाकी १ + १ + १ = ३. पण प तर १००१००१ ला नि:शेष भागते, म्हणजे प ने ३ लाही भागलं पाहिजे, म्हणजे प = ३. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तेव्हा ३ बाद. उरली लांबी ९.

आता फर्माचा लहान सिद्धांत: १०^(प−१) ला प ने भागल्यावर बाकी १, म्हणून आवर्तनाची लांबी प−१ ला भागते. प−१ हा ९ चा पट, आणि प विषम असल्याने २ चाही पट. म्हणजे १८ चा पट. उमेदवार फक्त १८क + १ या रूपाचे: १९, ३७, ५५, ७३, ९१... यातल्या मूळ तेवढ्या घ्यायच्या.

३३३६६७ ला भागल्यावर बाक्या अशा: १९ ने ८, ३७ ने १, ७३ ने ५७, १०९ ने १८, १२७ ने ३८, १६३ ने ६, १८१ ने ८४, १९९ ने १४३, २७१ ने ६६, ३०७ ने २६५, ३७९ ने १४७, ३९७ ने १८७, ४३३ ने २५७, ४८७ ने ७२, ५२३ ने ५१६, ५४१ ने ४११, ५७७ ने १६१. कुठेच शून्य नाही, म्हणून मूळ. सतरा भागाकार, वर्गात तीसेक मुलं असली तर जोडीला एक.

उभी_मांडणी
दोन ठिकाणी सांभाळा. यादी करताना ९१, २१७, २५३, ४५१, ४६९, ५५९ या संख्या मुलं मूळ समजून घेतात. घेतल्या तरी सिद्धता बिघडत नाही, फुकटचे भागाकार वाढतात एवढंच. दुसरी चूक महागात पडते: "५७७ म्हणजे वर्गमूळाच्या पुढे" म्हणून तो सोडून देणं. ५७७² = ३३२९२९, आपल्या संख्येच्या आतच आहे. ५७८² = ३३४०८४ बाहेर जातो. म्हणून ५७७ करायलाच हवा.

बाकी_शून्य
बरोबर. आणि ज्यांना आवर्तनं माहीत आहेत ते आणखी तीन नावं काटू शकतात. १/३७ = ०.०२७०२७..., आवर्तन तीन घरांचं. १/२७१ चं ००३६९, पाच घरांचं. १/७३ चं ०१३६९८६३, आठ घरांचं. आपल्याला नेमकं नऊ हवं, म्हणून हे तिघे भागाकार न करताच बाद. उरले चौदा.

याच युक्तिवादातून एक सुंदर गोष्ट हाती लागते. जिच्या व्यस्ताचं आवर्तन नेमकं नऊ घरांचं असेल अशी कुठलीही मूळ संख्या १००१००१ ला भागणारच, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. ३ चं आवर्तन एकाच घराचं. म्हणजे नऊ घरांचं आवर्तन असलेली मूळ संख्या जगात एकच, ३३३६६७. तिचा व्यस्त ०.०००००२९९७०००००२९९७...

अंकमित्र
हे फारच सुंदर आहे! सतरा भागाकार सतरा चिठ्ठ्यांवर लिहून वाटते. कोपऱ्यातल्या त्या ८१ चं काय करायचं?

लीलावती_वाचक
तिथे द. रा. कापरेकर येतात. डहाणूला १९०५ साली जन्म, देवळालीला शाळेत शिक्षक, १९८६ साली निधन. नुसत्या एकांच्या वर्गांना त्यांनी अद्भुत डेम्लो संख्या म्हटलं: १, १२१, १२३२१ आणि पुढे. डेम्लो हे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या डोंबिवली स्थानकाचं तेव्हाचं नाव, तिथे त्यांना ही कल्पना सुचली. आपल्या नागपूरला १८६७ साली पोचली ती याच जीआयपीची लाईन, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

हर्षद संख्याही कापरेकरांचीच. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाते ती हर्षद. आपल्या संख्येत ३⁴ = ८१ हा अवयव आहे आणि अंकांची बेरीजही ८१. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजेच १२३४५६७९ चा वर्ग. संख्या हर्षद, आणि भागाकारही पूर्ण वर्ग.

आता हेच आधीच्या आठ डेम्लोंना लावून बघायला सांगा. न एकांच्या वर्गात अंकांची बेरीज न². १२१ ला ४ ने भाग जात नाही. १२३२१ ला ९ ने जातो, १३६९. १२३४३२१ विषम, १६ ने जाणार नाही. २५ चा प्रश्नच नाही, शेवटी १ आहे. ३६ आणि ६४ पुन्हा सम म्हणून गेले. ४९ साठी सात एकांना ७ ने भाग जायला हवा, पण १११११११ = २३९ × ४६४९. उरले फक्त १, ३ आणि ९ एकांचे वर्ग.

काटोल_रोड
पायथागोरसवाल्या दहावीच्या पोरांसाठी काही निघते का यातून?

बाकी_शून्य
निघतं, आणि अगदी नेमकं निघतं. १११११११११ ही काटकोन त्रिकोणाची एक भुजा धरा, कर्ण नव्हे. मग आपली संख्या = कर्ण² − दुसरी भुजा² = (कर्ण − भुजा)(कर्ण + भुजा). ४५ विभाजकांच्या २२ जोड्या, दोन्ही अवयव विषम, म्हणून बरोबर २२ त्रिकोण. ३७०३७०३७ आणि ३३३३३३३३३ ही जोडी घ्या: कर्ण १८५१८५१८५, दुसरी भुजा १४८१४८१४८. हा आपला ३-४-५ चाच त्रिकोण, ३७०३७०३७ पट मोठा केलेला. दुसऱ्या टोकाला १ आणि संपूर्ण संख्या ही जोडी: कर्ण ६१७२८३९४९३८२७१६१, भुजा त्याहून फक्त एकने कमी.

आता तीच १११११११११ कर्ण धरा. त्रिकोण एकच मिळतो. कर्णासाठी ४ ने भागल्यावर १ उरणारे मूळ अवयव लागतात. ३ ला बाकी ३, ३३३६६७ लाही ३. एकटा ३७ उपयोगाचा. ३७ = ६² + १², म्हणून ३७² = ३५² + १२². १११११११११ ÷ ३७ = ३००३००३, त्याने दोन्ही भुजा वाढवा: १०५१०५१०५² + ३६०३६०३६² = १११११११११². पडताळा मोठ्या अंकांवर घेऊ नका, १२२५ + १४४ = १३६९ एवढाच पुरतो.

अंकमित्र
२२ आणि १! फळ्यावर हे शेजारी शेजारी लिहीन. एक शेवटची शंका. नऊ एकांचा वर्ग हर्षद निघाला हा योगायोग, की त्यामागे कारण आहे?

उभी_मांडणी
कारण आहे, आणि ते दशमान सोडलं की स्पष्ट दिसतं. दहाच्या पद्धतीत ९ हा सर्वांत मोठा अंक. कुठल्याही पद्धतीत पाया ब असेल तर ब−१ एकांचा वर्ग हातच्याशिवाय चढतो-उतरतो, आणि अंकांची बेरीज (ब−१)². आता ब ला ब−१ ने भागल्यावर बाकी १, त्याच्या प्रत्येक घाताचीही बाकी १. म्हणून ब−१ एकांच्या संख्येची बाकी (ब−१) × १, म्हणजे शून्य. ती ब−१ ने भागली जाते, म्हणून तिचा वर्ग (ब−१)² ने भागला जातो. प्रत्येक पद्धतीतली शेवटची सुबक संख्या हर्षद असणारच.

अष्टमान आठवीला जड जाईल, चतुर्मान घ्या. चारच्या पद्धतीत १११ म्हणजे १६ + ४ + १ = २१. तिचा वर्ग ४४१, हा पोरांना पाठ असतो. आता ४४१ ला ४ ने भागत बाक्या लिहायला सांगा: ४४१ मधून ११० आणि बाकी १, ११० मधून २७ आणि बाकी २, २७ मधून ६ आणि बाकी ३, ६ मधून १ आणि बाकी २, उरला १. खालून वर वाचलं की १२३२१. अंकांची बेरीज ९, आणि ४४१ ÷ ९ = ४९.